सासूबाई, मी आणि शिकागोतल्या चार जपानी पोरी

तिकिटं दोन होती. एक माझं, एक मंदारचं. तीन आठवडे आधी इंटरनेटवर काढून, छापून, फ्रिजवर चुंबकाखाली लावून ठेवलेली. शुक्रवारी दुपारी मंदारचा ऑफिसातून फोन आला, ‘‘अनघा, प्रोजेक्टचं रिलीज फाटलंय यार. वीकेंडला कोणीच हलायचं नाही म्हणतायत. तू आईला घेऊन जा ना.’’

मी हसले. मला वाटलं गंमत करतोय. जपानी पोरींचा रॉक बँड ऐकायला कोणी सासूबाईंना घेऊन जातं का? पण तो गंमत करत नव्हता.

थोडी पार्श्वभूमी सांगते. आमच्या ऑफिसात जपानहून दोन वर्षांसाठी आलेली हितोमी परत जाताना मला एका बँडच्या पाच सीडी देऊन गेली. बँडचं नाव ‘मिकान बॉक्स’, म्हणजे संत्र्यांची पेटी. चौघी मुली, सगळी वाद्यं स्वतःच वाजवणाऱ्या, आणि हितोमी सांगायची की तिच्या गावात शाळकरी पोरींपासून टॅक्सीवाल्यांपर्यंत सगळ्यांना त्यांची गाणी पाठ. मला जपानी ओ की ठो येत नाही. म्हणून मी गाण्यांना माझी नावं ठेवली होती. एक ‘धावपळ’, एक ‘इस्त्री’, आणि त्यांचं सगळ्यात गाजलेलं, माझं सगळ्यात लाडकं, ते ‘रुसवा’. हितोमीला ईमेलवर विचारलं तर कळलं, ‘रुसवा’ हे गाणं बसमध्ये विसरलेल्या छत्रीवर आहे. मी नाव बदललं नाही.

आता सासूबाई. नागपूरच्या एका मुलींच्या शाळेत त्या तीस वर्षं संगीत शिकवायच्या. मंदार म्हणतो, त्यांच्या घरी सकाळी गजर लावावा लागत नसे, आईचा आवाज पुरायचा. गेल्या हिवाळ्यात थायरॉइडचं ऑपरेशन झालं आणि आवाजाची नस दुखावली. बोलणं परत आलं, जरा घोगरं. वरचे सूर गेले ते गेलेच. डॉक्टर म्हणाले, खालच्या पट्टीत गा, काही हरकत नाही. त्यांनी गाणंच बंद केलं. नुसतं गाणं नाही, ऐकणंही. जूनमध्ये सहा महिन्यांसाठी आमच्याकडे, मिशिगनमधल्या ट्रॉयला आल्या त्या दिवसापासून घरात स्वयंपाकघरातला रेडिओसुद्धा लागला नव्हता. टीव्हीवर चुकून गाणं लागलं की त्या उठून दुसऱ्या खोलीत जायच्या, न रागावता, न बोलता. मंदारला आईचा तो गप्पपणा बघवत नव्हता. नोव्हेंबरअखेर त्या परत जाणार, तिकडच्या रिकाम्या घरात एकट्याच राहणार, आणि अशाच गप्प राहिल्या तर काय, या विचारानं त्याला झोप लागत नव्हती. मलाही.

तर अशा बाईंना मी रॉक बँड ऐकायला कशी नेणार? पण त्यांनीच निकाल लावला. ‘‘तिकीट वाया कशाला घालवतेस? मी बाहेर गाडीत बसीन. शिकागो पाहायचंच राहिलंय न.’’

शनिवार

ट्रॉयहून शिकागो साधारण पाच तास. ९४ नंबरचा हायवे एकदा पकडला की बुद्धीला काही काम नाही. जाणार असाल तर ऑक्टोबरमध्येच जा. अॅन आर्बर मागे पडलं की दोन्ही बाजूंची झाडं अशी काही पेटतात की ड्रायव्हिंग करणाऱ्याला त्याचा त्रासच होतो. लाल, शेंदरी, हळदीचा पिवळा. आई (मी सासूबाईंना आईच म्हणते) काचेला नाक लावून बसल्या होत्या आणि दर दहा मिनिटांनी ‘‘बाप्पा!’’ म्हणत होत्या. मी पाच वर्षं हा रस्ता पाहतेय, पण त्या दिवशी मला ती झाडं पहिल्यांदा दिसली.

गाडी सुरू करताना एक गडबड झाली होती. सीडी आतच राहिली होती, त्यामुळे किल्ली फिरवल्याबरोबर ढाणढाण गिटार सुरू झालं. मी घाईघाईनं बंद करायला गेले.

‘‘असू दे,’’ आई म्हणाल्या. ‘‘मला त्यातलं काही कळत नाही, म्हणून चालेल.’’

मी आवाज थोडा कमी केला. ‘धावपळ’ झालं, ‘इस्त्री’ झालं. कालामाझूच्या अलीकडे ‘रुसवा’ लागलं. आईंचा उजवा हात मांडीवर हलायला लागला. मी बघितलं न बघितल्यासारखं केलं. गाणं संपलं तसं त्या म्हणाल्या, ‘‘परत लाव.’’

परत लावलं.

‘‘मध्यम नाही यात. निषादही नाही.’’ त्या समोरच्या रस्त्याकडे बघत होत्या. ‘‘हा भूप आहे, अनघा. त्या धडधडीखाली सरळ भूप आहे. पहिलीतल्या पोरींना शिकवायची मी हा.’’

मला चटकन आठवलं. हितोमीनं एकदा सांगितलं होतं की त्यांच्याकडची जुनी बालगीतं, शाळेतली गाणी एका सप्तकातून चौथा आणि सातवा सूर काढून केलेली असतात, आणि त्या सप्तकाचं नावच ‘चार-सात काढलेलं’ असं आहे. मी हे आईंना सांगितलं. त्यांनी बोटांवर सूर मोजून पाहिले. मग म्हणाल्या, ‘‘इतक्या दूर कोण गेलं असेल न तो सांगायला?’’ कोणीच गेलं नसेल. तेच तर! माझ्या अंगावर काटा आला होता आणि तो लेन बदलेपर्यंत तसाच होता.

एक उपयोगी गोष्ट. शिकागोचं घड्याळ ट्रॉयपेक्षा एक तास मागे. जाताना तो तास फुकट मिळतो आणि येताना वसूल होतो. मिळालेल्या तासाचं आम्ही डेव्हनवर, देशी दुकानांच्या त्या रस्त्यावर जाऊन सार्थक केलं. ट्रॉयमधल्या कोणत्याही मराठी माणसाला शिकागोत काय पाहिलं विचारा, तो डेव्हन सांगेल, सरोवर सांगणार नाही. आम्हीही डिकी भरली. आंबेमोहोर तांदूळ, लोणच्याच्या बरण्या, आणि आईंना आवडलेला एक स्टीलचा डबा जो ट्रॉयलाही मिळतो. मोटेल शहराबाहेर घेतलं, साठ डॉलरमध्ये निभावलं. शहरात राहाल तर तेवढे नुसते पार्किंगचे जातील.

रविवार

कार्यक्रम दुपारचा होता, सगळ्या वयांच्या लोकांसाठी. एका जुन्या सिनेमागृहाचा हॉल. बाहेर रांग. रांगेत निळे केस, हिरवे केस, एकीच्या डोक्यावर मांजराचे कान. त्या रांगेत पांढऱ्या केसांच्या, नऊवारी नसली तरी इरकली नेसलेल्या, पायात स्नीकर घातलेल्या माझ्या सासूबाई. गाडीत बसण्याचा बेत त्यांनी सकाळीच रद्द केला होता. ‘‘भूप कसा वाजवतात ते पाहते,’’ म्हणाल्या.

त्यांनी पहाटे उठून मोटेलच्या खोलीत इलेक्ट्रिक तव्यावर थालीपिठं लावली होती. (स्मोक अलार्मला ओला टॉवेल बांधून. असं करू नका.) दारावर पाटी होती, बाहेरचं खाणं आत न्यायचं नाही. मग काय, रांगेतच डबा उघडला. मांजराच्या कानांची मुलगी वास घेत वळली.

‘‘ओ माय गॉड, व्हॉट इज दॅट? इज इट वीगन?’’

आईंनी माझ्याकडे पाहिलं. मी अर्थ सांगितला. ‘‘अंडं नाही, दूध नाही, काही नाही,’’ असं मराठीतच म्हणून त्यांनी तिच्या हातावर अर्धं थालीपीठ ठेवलं. पाच मिनिटांत डबा रिकामा झाला आणि आम्हाला त्या रांगेत सगळे ओळखायला लागले.

आत गेलो. हॉलमध्ये एकही खुर्ची नव्हती. तिकिटावर ‘जनरल अॅडमिशन’ लिहिलेलं मी वाचलं होतं, पण त्याचा अर्थ जो येईल त्यानं हवी ती खुर्ची पकडावी असा मी घेतला होता. आपल्याकडे तोच असतो. इथे त्याचा अर्थ सगळ्यांनी उभं राहायचं. आईंचे गुडघे म्हणजे आधीच देवाच्या भरवशावर.

मी माफी मागायच्या आत आईंनी खांद्यावरची शाल काढली, स्टेजसमोरच्या कठड्याशी नीट चौकोनी पसरली, आणि म्हणाल्या, ‘‘जागा धरली. चल, बाथरूम कुठे आहे?’’

‘‘आई, इथे असं नाही करत!’’

‘‘काहून? सगळीकडे करतात.’’

बाथरूमच्या रांगेत माझा जीव शालीत अडकलेला. हजारभर माणसं आत येत होती, पश्मिन्याचं पायपुसणं होणार हे नक्की. परत आलो तेव्हा हॉल गच्च भरला होता. वाट काढत कठड्यापाशी पोचलो आणि मी बघतच राहिले. शाल होती तशीच होती. चारी बाजूंनी माणसं खेटून उभी होती, पण त्या चौकोनावर एकाचाही पाय नव्हता. दोन्ही दंडांवर गोंदलेला, छातीपर्यंत दाढी असलेला एक भलाथोरला माणूस हात पसरून तिच्यासमोर उभा होता.

‘‘दिस योर्स, मॅम? वी सेव्ह्ड इट.’’

आईंनी त्याला नमस्कार केला. त्यानंही केला, जरा वाकडातिकडा. मग तो गेला आणि बारवरचं एक उंच स्टूल डोक्यावरून नाचवत घेऊन आला. त्यावर शाल घालून आई बसल्या. इतकी वर्षं या देशात राहून मला जे जमलं नाही ते त्यांनी एका शालीत केलं होतं.

दिवे गेले. चौघी आल्या. किती लहानखुऱ्या! ड्रम वाजवणारी तर आमच्या कॉलनीतल्या आठवीतल्या मुलीएवढी. आणि तिनं पहिली काठी मारली तशी ती छातीत लागली, कानात नाही. मी कानात घालायचे बोळे डॉलरभर देऊन घेतले होते. आईंनी घेतले नाहीत. गिटारवालीची बोटं, बासवालीचा पाय, सगळं त्या टक लावून पाहत होत्या. दोन गाण्यांमध्ये माझ्या कानाशी येऊन ओरडल्या, ‘‘ती ड्रमवाली समेवर अशी येते न, डोळे मिटून येते बघ!’’

तिसऱ्या की चौथ्या गाण्यात ते झालं. वरच्या सुरावर जाताना गाणारीचा आवाज फुटला. साफ फुटला. तिनं हसून मान हलवली, पुढच्या ओळीला परत प्रयत्न केला, परत फुटला. गाणं थांबलं. हॉल शांत झाला. मी आईंकडे बघायचं टाळलं, कारण जणू हेच त्यांना दाखवायला मी पाच तास गाडी चालवून आले होते आणि मला स्वतःची चीड आली होती.

गाणारी पाणी प्यायली. माइकशी येऊन मोडक्या इंग्रजीत म्हणाली, ‘‘सॉरी. मेनी सिटीज. व्हॉइस इज ब्रोकन.’’ मग मागे वळली, तिघींना हाताची पाच बोटं दाखवली आणि पंजा खाली केला. गिटारवालीनं भुवया उंचावल्या. गाणारीनं परत पंजा खाली केला. गिटारवाली आणि बासवालीनं आपापल्या वाद्यांच्या दांड्यांवर हात सरकवून एकदा चाचपून पाहिलं, माना डोलावल्या.

माझं मनगट कोणीतरी आवळलं. आई स्टुलावरून उठल्या होत्या.

‘‘पट्टी उतरवली तिनं! पाच सूर उतरवली. सगळ्यांदेखत.’’

‘रुसवा’ सुरू झालं. सीडीवर जे गाणं उंच, टोकदार आहे ते खाली उतरलं होतं. आवाज खरखरीत होता, जवळजवळ पुरुषी. पण फुटत नव्हता. त्याला लपवायचं काही नव्हतं, तो आपल्या जागी पाय रोवून उभा होता. आणि मग समोरचे हजार लोक, ज्यांना माझ्यासारखंच जपानी येत नव्हतं, तेच शब्द जसे कानांना आले तसे वरच्या सप्तकात गायला लागले. खाली ती एकटी, वर सगळा हॉल. दाढीवाला माणूस गात होता. मांजराच्या कानांची मुलगी रडत रडत गात होती. मी आयुष्यात बऱ्याच मैफली ऐकल्या आहेत, पण इतकं मोठं काही ऐकलेलं नाही, आणि ते एका विसरलेल्या छत्रीवर होतं!

आई गात नव्हत्या. त्यांचा हात कठड्यावर मात्रा मोजत होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते पुसायचं त्यांना सुचलं नाही.

उरलेली सगळी गाणी गाणारी त्याच खालच्या पट्टीत गायली.

नंतर चौघी बाहेर टी-शर्टांच्या टेबलामागे सह्या द्यायला बसल्या. (टी-शर्ट वीस डॉलर, धुतल्यावर आटतो.) आमचा नंबर आला. गाणारीला आता बोलवतही नव्हतं, ती नुसती कुजबुजत होती. आई तिच्यासमोर वाकल्या आणि त्यांच्या घोगऱ्या आवाजात शाळेच्या इंग्रजीत म्हणाल्या, ‘‘आय अॅम म्युझिक टीचर. यू केम डाउन. व्हेरी गुड. नो शेम?’’

गाणारीनं जरा विचार केला. ‘‘शेम, यस,’’ ती कुजबुजली. ‘‘बट सॉन्ग इज वेटिंग.’’

आईंनी पर्स उघडली, तळाशी हात घालून कागदाची एक पुडी काढली आणि तिच्या हातावर एक काडी ठेवली. ज्येष्ठमध. तिनं ती नाकाशी नेली आणि तिचा चेहरा उजळला. ‘‘कान्झो!’’ म्हणाली, आणि बाकी तिघींना दाखवायला लागली. त्यांच्याकडेही घशाला तेच देतात म्हणे. दोघी घोगऱ्या बायका एकमेकींचे हात धरून हसत होत्या आणि मागची रांग खोळंबली होती. मी मात्र त्या पुडीकडे पाहत होते. गाणं सोडलेली बाई पर्समध्ये ज्येष्ठमध कशाला बाळगते? विचारायची गरजच उरली नव्हती.

सोमवार

मी सोमवारची सुट्टी टाकली होती. परतीच्या वाटेवर मिशिगनच्या हद्दीत शिरल्यावर सरोवराकाठच्या एका लहानशा गावात मुक्काम केला होता. सीझन संपल्यामुळे खोल्या स्वस्त, किनारा रिकामा. सकाळी वाळूवर गेलो. पलीकडचा काठ दिसत नाही, लाटा येतात, आणि पाणी गोडं. आईंनी ओंजळीत घेऊन चाखलं तेव्हा त्यांचा विश्वास बसला. ‘‘समुद्र आहे न हा? मीठ घालायचं राहिलं वाटते.’’

मग कितीतरी वेळ त्या पाण्याकडे बघत उभ्या राहिल्या.

‘‘मी पेटीच्या काळी चारमध्ये गायची,’’ त्या म्हणाल्या. ‘‘माझ्या गुरूंनी दिलेली पट्टी. पोरींना सांगायची, पट्टी म्हणजे आपला पत्ता आहे, तो बदलायचा नाही. डॉक्टर म्हणाला काळी एकमध्ये गा. काळी एक! ती तर पुरुषांची. मला वाटलं, तशी गायली तर ती मी नसणारच. मग कशाला गायचं?’’

‘‘आणि आता?’’

‘‘ती पोर तुझ्यापेक्षाही लहान असेल न?’’ एवढंच म्हणाल्या आणि स्नीकरमधली वाळू झटकायला बसल्या.

ट्रॉयपर्यंत ‘रुसवा’ आम्ही किती वेळा ऐकलं ते मोजलं नाही. त्या गायल्या नाहीत. मीही आग्रह केला नाही. दिलेला तास घड्याळानं मिशिगनच्या हद्दीवरच परत घेतला होता; आम्ही संध्याकाळी घरी पोचलो.

घरी

या सहलीतून काय राहिलं? आंबेमोहोर संपत आला. टी-शर्ट मंदारला होत नाही. ती झाडं आता नुसत्या काड्या झाली आहेत. मला वाटलं होतं घरी आल्याबरोबर काहीतरी होईल, पण पहिले काही दिवस घर तसंच होतं. फरक इतकाच की रेडिओ लागला तर आई खोलीतून उठून जात नव्हत्या.

गेल्या गुरुवारी मी घरून काम करत होते. दुपारी कणीक मळायला घेतली आणि तळघराच्या जिन्यातून आवाज आला. आधी नुसता सा. खूप वेळ. जाड, खाली बसलेला, जरा कापरा. तुटला. परत लागला. मग त्यावर रिषभ, गंधार. मध्यम टाळून पंचम. माझे हात परातीत तसेच राहिले. खाली जायची हिंमत झाली नाही, जिन्याच्या दारापाशी उभी राहून ऐकत होते. भूप उलगडत होता, खालच्या पट्टीत, सावकाश, प्रत्येक सुरावर पाय ठेवून बघत. मला फार मोठं काहीतरी आपल्या घरात आलंय असं वाटलं आणि कोणाला सांगावं ते कळेना.

तेवढ्यात फोन वाजला. मंदार.

‘‘ऐक ना, येताना दूध आणू का?’’ मग थांबला. ‘‘घरी कोण आलंय गं? मागे गातंय कोण? कोणी काका आलेत का?’’

‘‘कोणी नाही आलेलं,’’ मी म्हटलं. ‘‘आई गातायत.’’

पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला.

‘‘फोन ठेवू नकोस,’’ तो म्हणाला. त्याचाही आवाज बदलला होता. ‘‘तिला सांगू नको. नुसता तिथे ठेव.’’

मी रिसीव्हर जिन्याच्या वरच्या पायरीवर ठेवला आणि कणीक मळायला परत गेले. आई खूप वेळ गायल्या. पोळ्या झाल्या, भाजी झाली, खालचा आवाज थांबला, तेव्हा मी जाऊन रिसीव्हर कानाला लावला. तो अजून ऐकतच होता.